निळीची छाटणी

हौसाच्या जाईला अख्ख्या पनवेलीत तोड नव्हती, आणि ही गोष्ट हौसाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. आषाढ लागला की तिच्या परसातला मांडव असा काही फुलायचा की गाढी नदीच्या बाजूने येणारा माणूस घर न विचारता वासावर दारात यायचा. बायका विचारायच्या, हौसाबाय, आमची जाई का गो अशी फुलत नाय? हौसा हात कमरेवर ठेवून सांगायची, "तुमी जपता तिला. पौषात सगळी पानं ओरबाडायची आनि कंबरेएवढी ठेवून कापून काढायची. कापायला जीव घट्ट लागतो." बायका माना डोलवायच्या, घरी जायच्या आणि दोन काड्या छाटून कोयती ठेवून द्यायच्या. हौसाला त्याचंही बरंच वाटायचं.

तिचा नवरा तुळशीराम हा खरा माळी, पण त्याची माळीगिरी घराच्या वाट्याला कधी आली नाही. तो माथेरानला एका इंग्रज बाईच्या बंगल्यावर होता. पावसाळ्यात डोंगर बंद झाला की धोदाणीच्या वाटेने खाली उतरायचा, आणि दिवाळी झाली की पुन्हा वर चढायचा. चार महिन्यांचा नवरा, असं हौसा हसत म्हणायची, पण ते हसणं वरवरचं होतं. पावसाळी नवऱ्याच्या पोरी उन्हाळ्यातच जन्माला यायच्या, आणि उन्हाळ्यात बंगल्यावर पाहुण्यांची वर्दळ. दोन्ही बाळंतपणांना तुळशीराम वर होता. पहिलीच्या वेळी हौसा मरता मरता वाचली, तेव्हा निरोप गेला होता. त्यावर उत्तर आलं, बाईंच्या बागेचं काहीतरी बक्षिसाचं चाललं आहे, चार दिवसांनी येतो. तो पावसाबरोबरच आला. येताना मुलीसाठी लाकडाची बाहुली आणली होती, आणि हौसाने ती घेतली आणि ठेवून दिली.

पुढे स्वराज्य आलं, काही वर्षांनी बाई बंगला विकून तिच्या देशाला गेली, आणि तुळशीराम कायमचा घरी आला. तोवर मुली सासरी नांदत होत्या. त्याने आणलं काय, तर एक वळकटी, एक छाटणीची कातर आणि घासलेटच्या डब्यात लावलेली एक वेल.

बाई त्या वेलीला विस्टेरिया म्हणायची. खरी विस्टेरिया थंड मुलखातली, ती इकडे जगत नाही. ही तिच्यासारखी दिसणारी, उन्हातली, पण बाईला हिच्यात आपलं माहेर दिसायचं म्हणून तिने तेच नाव ठेवलं होतं. तुळशीराम ते नाव अगदी साहेबी ढंगात घ्यायचा. हौसाने ते एकदाही घेतलं नाही. ती म्हणायची निळी. आळीतही मग निळीच रूढ झालं.

"फागनात हिचं पान दिसत नाय," तुळशीराम सांगायचा. "नुसते निळे झुबके. मी दरसाल बघायचो आनि मनात यायचं, घरच्यांनी हे कवा बघायचं? तुला दाखवायची म्हनून आनली हौसे."

हौसाला दाखवायची म्हणून आणलेली निळी त्याने लावली ती नेमकी जाईच्या मांडवाच्या उगवतीच्या खांबाशी. पहिल्या वर्षी ती खांब चढली. दुसऱ्या वर्षी मांडवावर पसरली. तिसऱ्या वर्षी जाईचं सकाळचं ऊन खाऊ लागली. फूल मात्र एक नाही. पानं इतकी खरखरीत की हौसा ती तोडून तवा घासायची, आणि घासताना मुद्दाम नवऱ्याला ऐकू जाईल असा आवाज करायची. एकदा ती म्हणाली, हिला एकदा चांगली कापा, म्हणजे ताळ्यावर येईल. तुळशीराम हसला. "हात लावू नको हिला. तुझ्या जाईचा कायदा हिला लागत नाय. हिला जुन्या लाकडावर फूल येतं." तो सहज बोलून गेला, पण हौसाला ते झोंबलं. तीस वर्षं हे परस तिने एकटीने राखलं होतं, आणि आता तिला कायदा शिकवायला हा डोंगरावरून उतरला होता.

त्यातच तुळशीरामचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर येणार नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. तो समोरचं बघायचा ते बांबूच्या नळीतून बघावं तसं. ताटातली भाकरी दिसायची, ताटाशेजारचा तांब्या दिसायचा नाही. पण हाताला सगळं कळायचं. पान चिमटीत धरून तो झाडाचं नाव सांगायचा, काडी बोटांत फिरवून तिचं वय सांगायचा. आळीतली माणसं गुलाबाची काडी घेऊन यायची आणि तो ओट्यावर बसल्या बसल्या न बघता तिच्यावर कलमाचा डोळा भरून द्यायचा. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा आणि माणूस ताठ राहायचा.

त्या साली मार्गशीर्षात त्याने निळीच्या काड्या चाचपल्या आणि म्हणाला, "लाकूड पिकलं. या फागनात येनार बघ. मना दिसतंय तवर आली म्हंजे झालं." नंतर हलक्या आवाजात म्हणाला, "पुढल्या फागनाचं काय खरं नाय."

पौषात त्याची बहीण सोनाबाई हिने त्याला उरणजवळ मोऱ्याला बोलावून घेतलं. तिकडे कोणी वैदू डोळ्यांत घालायचं औषध देत होता. उपयोग व्हायचा नव्हता, पण बहिणीचं मन मोडवेना, म्हणून तुळशीराम उरणच्या एस.टी.त बसला.

तो गेला आणि हौसाने जाईची छाटणी काढली. दरवर्षीचं काम. पानं ओरबाडली, कोयतीला धार लावली आणि सपासप कापत गेली. कापता कापता उगवतीच्या खांबाशी आली. जाई संपली, निळी सुरू झाली.

आता इथे हौसाच्या मनात काय होतं हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. तिने स्वतःला सांगितलं ते असं की वेल फुलत नाही, कापल्याने वेली फुलतात, नवऱ्याची नजर जात चालली आहे, तेव्हा आपणच कापून फुलवावी. हे सगळं खरं होतं. पण पहिली फांदी धरली तेव्हा तिच्या बोटांना पेऱ्यापेऱ्याशी बारीक, राखी, लव असलेले गोंडे लागले होते. कीड असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. परसात दुसरं कोणी नव्हतं, मग मोठ्याने कोणाला सांगायचं होतं? ज्या बाईने जन्मभर जाईच्या कळ्या पहाटेच्या अंधारात चाचपून तोडल्या, तिच्या बोटांना कळी कळू नये?

ती कापत गेली. सुरुवातीला नीट कापत होती. मग तिला ते बक्षीस आठवलं, ते चार दिवस आठवले, ती लाकडी बाहुली आठवली, आणि ज्या बाईचं तोंडसुद्धा तिने पाहिलं नव्हतं तिचं माहेर आपल्या मांडवावर चढून बसलं आहे असं काहीतरी डोक्यात भरलं. शेवटच्या फांद्या तिने कापल्या म्हणण्यापेक्षा पिरगाळून ओढल्या. थांबली तेव्हा दमली होती. खाली राखी गोंड्यांचा सडा पडला होता. एक गोंडा तिने नखाने उकलला. आत निळं होतं.

तिने तो सगळा ढीग उचलला, चुलीजवळ नेला आणि आंघोळीच्या पाण्याखाली जाळला.

तुळशीराम परत आला तो पाय धुवायच्या आधी मांडवाशी गेला. हौसा दारात उभी राहून बघत होती. त्याचा हात खांबावरून वर गेला, वेल असायला हवी तिथे गेला आणि रिकामा फिरला. मग त्याला खुंट लागला. मग दुसरा लागला.

"हौसे, हिला कोनी कापलं?"

तिला खरं सांगायचं होतं. शपथेवर सांगायचं तर तोंड त्यासाठीच उघडलं होतं. पण बाहेर पडलं ते असं, "शेळी. गुणाबायची शेळी शिरली. मी देवळात गेलेली."

"शेळी?" त्याचा अंगठा कापलेल्या टोकावर पुढे-मागे फिरला. "तू बघितलीस?"

"बघितली."

त्याने ते टोक पुन्हा एकदा चाचपलं. मग त्याने हात खाली घेतला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "शेळी असंल मंग." आणि आत येऊन बसला. ना शिवी दिली, ना आदळआपट केली. हौसाने त्याला पेज वाढली. पेजेत मीठ घालायला ती विसरली, आणि तो ती तशीच प्यायला.

गुणाबाई शेजारची. कोळीण, नवरा गेलेला, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी, तोंडाची फटकळ आणि आतून लोण्याची. ही बातमी तिच्या कानावर गेली ती हौसाने सांगितली म्हणून नाही, आळीला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. भांडायला येईल म्हणून हौसा पदर खोचून तयार राहिली. भांडण झालं असतं तर तिचा जीव तरी हलका झाला असता. पण गुणाबाई दुसऱ्या सकाळी आली ती तांब्या घेऊन, खालमानेने.

"हौसाबाय, मी तिला बांधूनच जाते गो. दावं कसं सुटलं मना कलत नाय. दादांच्या डोल्यांची एवढी आस व्हती, तीच माझ्या शेलीने खाल्ली." तिने तांब्या पुढे केला. "शेलीचं दूध डोल्याला चांगलं. आता रोज आनीन. नाय म्हनू नको."

हौसा नाही म्हणाली. मग पुन्हा नाही म्हणाली. गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिने तांब्या घेतला.

दुसऱ्या दिवशीपासून तो तांब्या तिच्या राशीला लागला. दारात येऊन गुणाबाई हाक मारायची, हौसा दूध घ्यायची, तापवायची, नवऱ्याला द्यायची. तुळशीराम पिऊन म्हणायचा, बाई चांगली हाय. शेळी आता आखूड दाव्याने खुंटाला जखडलेली असायची आणि दिवसभर ओरडायची. तो आवाज परसात ऐकू यायचा. उरलेलं दूध चहात पडायचं, म्हणून हौसाने चहा सोडला. आपल्याला पित्त होतं, असं तिने सांगितलं. एक थाप लपवायला दुसरी, आणि दोन्ही पचेनात.

रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगायचं. दुपारी वाटायचं, संध्याकाळी सांगू, जेवल्यावर. जेवल्यावर वाटायचं, आता कशाला, उद्या. आपण अशा असू असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती कोणाचं ऐकून घेणारी नव्हती, पण खोटं बोलणारीही नव्हती, आणि तुळशीरामला हे पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तिने त्याला ओरखडे काढले असतील, फसवलं कधी नव्हतं.

त्यात तुळशीरामने एकेक सोडायला सुरुवात केली. आधी सकाळी झाडांवरून हात फिरवायचं बंद केलं. मग कातरीला तेल लावायचं सोडलं. तांदूळ निवडायला सूप मांडीवर दिलं तर म्हणाला, तूच बघ. आळीतली वेणू गुलाबाची काडी घेऊन आली तर म्हणाला, आज नको, बरं नाय. ओट्यावर भिंतीला टेकून बसायचा आणि हात मांडीवर उपडे ठेवायचा. हौसाला वाटलं, वेलीचं दुःख. फागण जवळ आला म्हणून आणखी वाढलं असेल. ओट्याकडे पाठ फिरवून ती भांडी घासायला बसायची.

माघ उतरत आला तेव्हा शिरढोणचा काळूराम आला. तो एका शेटच्या वाडीवर राखणीला होता. तिथले गुलाबाचे डोळे गेली दोन वर्षं तुळशीरामच जाऊन भरून द्यायचा. काळूराम ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाजी, कलमाचे खुंट तयार हायत. गाडी घेऊन कवा येऊ?"

हौसा आत चुलीशी होती. तिला तुळशीरामचा आवाज आला.

"दुसरा मानूस बघ काळूराम. माझ्याकडनं आता ते व्हनार नाय."

"डोळ्यांचं बोलता का? तुमी तर न बघता भरता."

"डोळ्यांचं नाय." त्याने मान खाली, मांडीवरच्या हातांकडे वळवली. "माझी बोटं गेली."

काळूराम हसला. थट्टाच वाटली त्याला. "बोटं कशी जातील?"

"जातात. मीबी असंच बोललो असतो. मोऱ्यावरनं आलो, निळीचे खुंट चाचपले. बोटं बोलली कोयती. तिरका घाव, साफ, कोयतीच. जन्म गेला माझा घावांत. आनि ती तर शेळीने खाल्लेली. हौसाने डोळ्यांनी बघितलेली." त्याचा आवाज अगदी साधा होता, पावसापाण्याचं बोलावं तसा. "शेळीचं तोंड आनि कोयतीची धार ज्या बोटांना कळत नाय, ती आता कशाच्या कामाची? डोळे गेले तवा बोललो, बोटं हायत. आता तीबी गेली. तुझ्या शेटचे खुंट नासतील माझ्यापायी. दुसरा बघ."

हौसाच्या हातातला पळा तसाच राहिला. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण त्याच्या कळ्या खुडल्या. कळ्या खुडल्या हे कमीच होतं. तो कशाने बसला होता हे आत्ता तिला कळलं. बोटं खरं बोलत होती, बायको खोटं बोलत होती, आणि त्याने बायकोवर विश्वास ठेवून बोटांना खोटं ठरवलं होतं. तिच्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

ती बाहेर आली. काळूराम परका माणूस, शिरढोणभर करील, हे तिला दिसत होतं. चुलीवरचं कालवण लागत होतं त्याचा वासही येत होता.

"कोयतीच व्हती," ती म्हणाली. "मी कापली. शेळी आलीच नव्हती."

काळूरामने आधी तिच्याकडे, मग तुळशीरामकडे बघितलं, आणि पायांत वहाणा सरकवून अंगणात जाऊन उभा राहिला. समजूतदार माणूस होता.

तुळशीरामने मान वर केली. त्या नळीएवढ्या नजरेत तिला पकडायला त्याला थोडा वेळ लागला. हौसा तिथेच उभी राहिली. आता तो ओरडेल, हात उगारील, निदान थुंकेल, असं तिला वाटत होतं, आणि यातलं काहीतरी त्याने करावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"कोयती व्हती?"

"व्हती."

"तिरकी धरलेली?"

"तिरकी."

त्याचे उपडे हात मांडीवर उताणे झाले. त्याने अंगठा एकेका बोटाच्या टोकावरून फिरवला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की हौसाला तिथून पळून जावंसं वाटलं. "म्हंजे बरोबर व्हती," तो म्हणाला. "बोटं बरोबर व्हती. काळूराम, अरे काळूराम, सोमवारी ये गाडी घेऊन." आणि लहान पोरासारखा हसला. मुली झाल्या तेव्हा हा हसला असेल तर असाच हसला असेल, हौसाने ते पाहिलं नव्हतं. तो तिला एक शब्द वाकडा बोलला नाही. तो आनंदात होता, आणि त्या आनंदाने तिला जेवढं भाजलं तेवढं कुठल्या शिवीने भाजलं नसतं.

ती तशीच गुणाबाईकडे गेली. गुणाबाई पाटी धूत होती. हौसाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुणाबाईने पाटी उपडी घातली, हात झटकले, गोठ्याशी जाऊन शेळीचं दावं सोडलं आणि पाठमोरीच म्हणाली, "तांब्या माझा तुझ्याकडं हाय. पाठवून दे. तू येऊ नको." हौसाला हे रास्त वाटलं. तिने घरी जाऊन तांब्या चिंचेने लख्ख घासला आणि वेणूच्या हाती पाठवला.

परत परसात आली तेव्हा ऊन कलत होतं. तुळशीराम मांडवाशी उभा होता आणि निळीचे खुंट एकेक करून चाचपत होता.

"ही पयली," तो म्हणाला. हौसा आली हे त्याला पावलांवरून कळलं होतं. "हात बरा व्हता तुझा. ही दुसरी, हीबी बरी." तो सरकत सरकत पुढे गेला. खांबाच्या पलीकडच्या अंगाला त्याचा हात थांबला. तिथे साल लोंबत होती, लाकूड चिरफाळलं होतं. त्याने ते टोक बोटांत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. आनंद चेहऱ्यावरून उतरला. "ही कापली नाय. ही ओरबाडली. हौसे, राग कोनावर व्हता?"

वेलीवर, असं म्हणता आलं असतं.

"तुमच्यावर."

"कवापासून?"

"पयल्या पोरीपासून."

त्याने मान हलवली. लोंबणारी साल तो अंगठ्याने पुन्हा पुन्हा लाकडाला बसवत होता आणि ती पुन्हा पुन्हा सुटत होती.

"मना तवा यायला पायजे व्हतं," तो शेवटी म्हणाला.

हौसाला रडू फुटलं. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला ती थांबली होती, आणि ते मिळालं तेव्हा ते घ्यायला तिचे हात स्वच्छ नव्हते. ती मांडवाचा खांब धरून रडली. तुळशीरामने तिला रडू दिलं.

मग म्हणाला, "आता हिला हात लावू नको. नवी फूट येऊ दे, वर्षभर पिकू दे. पुढल्या फागनात येईल फूल. मना तवा दिसनार नाय." त्याने चाचपत तिचं मनगट शोधलं आणि धरलं. "तू बघ, आनि मना सांग. नुसतं निळी हाय म्हनू नको. कसा निळा, कुटं फिका, कुटं गडद, नीट बघून सांग."

"सांगीन," हौसा म्हणाली.